सागाला पानं येतात

मोमीन मॅडम गेल्या त्या दिवशी आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर धडाधड मेसेज यायला लागले. जोडलेले हात, फुलं, मेणबत्त्या. एकाने लिहिलं, 'अतिशय शांत आणि मृदू व्यक्तिमत्त्व हरपलं.' मी फोन टेबलावर आपटलाच. शांत? मृदू? अहो, कोणाबद्दल बोलताय? ज्या बाईने याच माणसाला भर वर्गात 'तुझ्यापेक्षा हा खांब बरा, निदान सरळ उभा तरी राहतो' असं सुनावलं होतं, तिच्याबद्दल? माणूस गेला की आपल्याकडे आधी त्याचे कोपरे घासून गुळगुळीत करतात आणि मग हार घालतात. मला ते सहन होत नाही. मी मुळातच जरा फटकळ, त्यात हा मेसेज वाचून डोकंच फिरलं. म्हणून हे लिहायला बसले.

बाई शांत नव्हती. बाईने मला जेवढे धक्के दिले तेवढे लग्नाने पण दिले नाहीत.

नाशिकमधल्या एका खासगी संस्थेत तेव्हा वायरलेस नेटवर्क उभारणीचा कोर्स सुरू झाला होता. माझा मुलगा शाळेत जायला लागला होता, नवरा अंबडला कंपनीत, आणि मी सिडकोच्या घरात बसून कंटाळले होते. मला वाटलं, एसीत बसून कॉम्प्युटरवर काहीतरी टिकटिक करायचं असेल. पहिल्या दिवशी चांगला ड्रेस घालून गेले. समोर पन्नाशीची, बुटकी, रुंद बाई उभी. ओढणीची कमरेला घट्ट गाठ, पायात पुरुषांचे बूट, कमीजला मुद्दाम शिवून घेतलेला खिसा आणि त्यात स्क्रू ड्रायव्हर. ही शहनाज मोमीन. येवल्याच्या विणकरांच्या घरातली. घरात दिवसभर माग खटखटायचा, त्यामुळे लहानपणापासून ओरडून बोलायची सवय, असं त्या स्वतःच सांगायच्या. ती सवय त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

त्या दिवशी त्यांनी कॉरिडॉरच्या पार टोकाला एक लॅपटॉप ठेवला होता आणि त्यावर व्हिडिओ चालू होता. वर्गातल्या टेबलावर राउटर. नाव नाही, गाव नाही, प्रस्तावना नाही. मॅडमनी तो राउटर उचलला, पोटाशी कवटाळला आणि लॅपटॉपकडे पाठ करून उभ्या राहिल्या. तिकडे व्हिडिओ अडखळला आणि थांबला. आम्ही आ वासून बघत होतो.

"बघितलं? माणूस म्हणजे पाणी. आणि पाणी सिग्नल पितं. आता मला सांगा, रिकाम्या खोलीत तपासणी करून तुम्ही घरी गेलात, आणि दुसऱ्या दिवशी तिथे माणसं आली, तर काय होईल?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो.

"तुमची अब्रू जाईल," त्या म्हणाल्या आणि राउटर खाली ठेवला.

तो एकच प्रश्न त्या सहा महिने आमच्या कानीकपाळी ओरडत राहिल्या. हॉटेल असो, शाळा असो, गोदाम असो, आत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "इथे उद्या कोण येणार?" रिकाम्या गोदामात उद्या गोण्या येणार. उघड्या गच्चीवर उद्या पत्र्याची शेड येणार. आम्ही मागून त्यांची नक्कल करायचो. डबा उघडला की कोणीतरी म्हणायचं, "या भाजीत उद्या कोण येणार?"

गंगापूर रोडच्या पुढे एक लग्नाचं लॉन्स होतं. मालकाला लग्नं परदेशातल्या नातेवाइकांना थेट दाखवायची होती. आधीच्या माणसाने यंत्रणा बसवली होती, ती रिकाम्या हॉलमध्ये झकास चालायची आणि वऱ्हाड आलं की मान टाकायची. मालक वैतागला होता. मॅडम म्हणाल्या, मी माणसं भरून तपासणार. मालक म्हणाला, पुढच्या मुहूर्तापर्यंत थांबा मग. मॅडम थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. सकाळी उठून थेट मजूर नाक्यावर गेल्या आणि तिथे कामाच्या आशेने उभी असलेली सगळी माणसं, गवंडी, बिगारी, बाया, दोन टेम्पोत भरून हॉलवर घेऊन आल्या. मी दारात उभी होते.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, काम काय हाय?"

"खुर्चीवर बसायचं."

"आन् मंग?"

"मोबाइल बघायचा. सगळ्यांनी. जेवायची सुटी होईपर्यंत."

म्हातारा हबकला. बाजूच्या बाईने त्याला समजावलं, "अहो, सभा असंल. कोनता पक्ष हाय, मॅडम?"

सबंध हॉल हसला. मॅडम नाही हसल्या. त्या हातात सिग्नल मोजायचा मीटर घेऊन खुर्च्यांच्या रांगांमधून हिंडत होत्या, कोणाला पुढे सरकवत होत्या, कोणाला उभं करत होत्या. दुपारी सगळ्यांना मिसळ-पाव. दिवसाची मजुरी मालकाच्या बिलात लावली आणि मालकाने निमूटपणे दिली, कारण पुढच्या लग्नात नवऱ्यामुलाची आत्या परदेशात बसून मंगलाष्टकं म्हणाली आणि एकही शब्द तुटला नाही.

देखभालीचा त्यांचा प्रकार तर जीव घ्यायचा. एका कॉलेजचं नेटवर्क आमच्या संस्थेकडे होतं. भर दुपारी, ऑफिस गजबजलेलं असताना, मॅडम आम्हाला घेऊन गेल्या आणि एक केबल सटकन ओढून काढली. सगळं बंद. प्राचार्य पँटचा पट्टा आवळत धावत आले. "मॅडम, काय झालं हो?" "काही नाही. मी बंद केलं. पोरं शोधतायत." ते गृहस्थ लालबुंद झाले. मी भिंतीला चिकटले. मॅडम आम्हाला म्हणाल्या, "चालू असतं तेव्हाच बंद पाडून शिका. खरोखर बंद पडेल तेव्हा समोर रडणारी माणसं असतात, तेव्हा हात कापतात." केबल सापडेपर्यंत त्यांनी प्राचार्यांना शेजारी बसवून चहा प्यायला लावला. पुढच्या वेळेपासून आधी सांगत जा, एवढंच ते म्हणाले. मॅडमनी कधी आधी सांगितलं नाही.

अशी ही बाई. आम्हाला वाटायचं, हिचं चुकणं शक्य नाही. आणि मग पेठ तालुक्यातलं काम आलं.

पेठच्या पुढे डोंगराच्या उतारावर एका पाड्यावर आरोग्य केंद्र आहे. डॉक्टरांची जागा बरेच दिवस रिकामी होती. कमल सिस्टर एकट्या सगळं बघायच्या. मोबाइलचा सिग्नल तिथे पोहोचत नाही. योजना अशी, की समोरच्या डोंगरावर एक अँटेना, केंद्राच्या गच्चीवर दुसरी, दोघींनी एकमेकींकडे बघायचं, आणि सिस्टरनी पडद्यावर नाशिकच्या डॉक्टरांशी बोलायचं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काही औषधं सिस्टरना देता येत नव्हती, म्हणून ही धडपड. हे पहिलं केंद्र नीट चाललं की आसपासच्या पाड्यांवर याच नकाशाने बाकीची उभी करायची होती. निधी मार्चअखेर संपवायचा, तेव्हा सगळ्याच पाड्यांचा सर्व्हे मार्चमध्ये. सरकारी कामाच्या पंचांगात एकच तिथी असते, मार्च एंड.

दोन्ही टोकांना एकमेकांचं दर्शन होतंय का, हे बघायला मॅडम आरसा वापरायच्या. साधा भिंतीवरचा आरसा. एकाने डोंगरावर उन्हात धरायचा, दुसऱ्याने इकडून चमक बघायची. मधे डोंगराची एक सोंड होती, तिच्यावर काटक्या खोचल्यासारखी झाडं उभी, पान म्हणून एक नाही. त्यातून लख्ख चमक आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडम स्वतः पट्टा बांधून खांबावर चढल्या, अँटेना फिरवून फिरवून घट्ट केली. काम झालं तेव्हा नारळ फोडला. सिस्टरनी एका लेकराचा दुखरा कान पडद्यासमोर धरला आणि नाशिकहून डॉक्टर म्हणाले, "जरा उजेडात घ्या." कमल सिस्टर मॅडमच्या गळ्यात पडून रडल्या. एप्रिल, मे, सगळं सुरळीत.

पावसाळा लागला आणि दोन अँटेनांमधली लिंक अडखळायला लागली. मग बंद. सिस्टरनी पेठला खाली येऊन फोन केला. संस्थेतले सगळे म्हणाले, पेठचा पाऊस तो, काय राहणार तिथे. मॅडमही म्हणाल्या, "थोडी उघडीप मिळू दे, मग जाऊ." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी माझ्या कानांनी ऐकलंय.

उघडीप मिळाली नाही. भाताची रोपं लावायच्या, आवणीच्या दिवसांत हिरामण नावाच्या शेतकऱ्याला चिखलात घोणस चावली. त्याला केंद्रात आणलं. औषध फ्रिजमध्ये होतं. डॉक्टर पडद्यावर नव्हते. सिस्टर त्या बंद पडद्यासमोर हाका मारत राहिल्या आणि शेवटी त्यांनी त्याला जीपमध्ये घालून घाटरस्त्याने पाठवलं. जीव वाचला. पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

ही बातमी कळली तेव्हा आम्ही वर्गात होतो. मॅडमनी हातातला खडू ठेवला. बॅग उचलली, मला म्हणाल्या, "चल." एसटीने पेठ, तिथून जीपने वर. धो धो पाऊस. केंद्राच्या गच्चीवर जाऊन त्यांनी दुर्बीण लावली आणि तशाच उभ्या राहिल्या. मग माझ्या हातात दिली. मी बघितलं. सोंडेवर काटक्या नव्हत्याच. हिरवीगार भिंत होती. सुपाएवढाली पानं, एकावर एक, पावसाने निथळणारी. पलीकडचा डोंगर दिसतच नव्हता.

"साग आहे तो," मॅडम म्हणाल्या. "सागाला पानं येतात."

आणि त्या तिथेच ओल्या गच्चीवर मटकन बसल्या. मी त्यांना कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. "या अल्ला. मी त्यांना वठलेली झाडं समजले, वैशाली. आमच्या येवल्याकडे पानं नसलेलं झाड म्हणजे मेलेलं झाड. जगाला विचारत फिरले, उद्या इथे कोण येणार. इथे विचारलं नाही."

मी काय म्हणाले ते सांगते. मी म्हणाले, "मॅडम, गप्प बसा. सगळे पावसाला नावं ठेवतायत, ठेवू द्या. तुमचं नाव कशाला मधे?" मला खरंच तसं वाटत होतं, अजूनही थोडं वाटतं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरले. "आणि पुढच्या मार्चला? बाकीच्या पाड्यांवर याच नकाशाने खांब उभे करतील. पावसाला कोण दुरुस्त करणार? पाऊस म्हटलं की फाइल बंद. पुढच्या आषाढात आणखी कोणाचा पाय?"

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन नाशिकच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. मला वाटलं, विचारपूस करायला, फळं द्यायला. हिरामण पडलेला होता, पायावर चादर. खाली फरशीवर त्याची बायको सोमी बसलेली. मॅडम तिच्यासमोर फरशीवर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "मी शहनाज मोमीन. पाड्यावरच्या दवाखान्यातला तो पडदा मी बसवला होता. झाडांना पानं येतील हे मी धरलं नव्हतं, म्हणून तो बंद पडला. पाऊस नाही. चूक माझी आहे."

शेजारच्या खाटांवरचे लोक वळून बघायला लागले. कोण असं येऊन सांगतं हो? वकील नाही, साहेब नाही, कोणी मागितलेलं नाही!

सोमीने हिरामणच्या पायावरची चादर सारखी केली. रडली नाही, ओरडली नाही. मग म्हणाली, "मंग आता काय करशील?"

"दुरुस्त करीन."

"ह्याचा पाय?"

सहा महिने आमचे कान किटवणारी ती बाई, मान खाली घालून कशीबशी म्हणाली, "पाय नाही करता येणार."

"मंग जा," सोमी म्हणाली.

आम्ही उठलो. बाहेर पायरीवर मॅडमनी बूट घातले आणि नाडी बांधायला त्यांना फार वेळ लागला.

मग बैठक झाली, मॅडमच्या फाइली सांभाळायला मीही होते. संस्थेचे संचालक देवरे सर, योजनेचे अधिकारी, आणि चहा-बिस्किटं. अहवाल तयार होता, 'अतिवृष्टीमुळे सेवा खंडित.' अधिकारी म्हणाले, "निसर्गापुढे कोणाचं चालतं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅडम उभ्या राहिल्या. "पाऊस नाही साहेब, मी. सर्व्हे चुकीच्या महिन्यात केला. हा नकाशा रद्द करा. बाकीच्या पाड्यांचा सर्व्हे पुन्हा, पानं असताना करा, तोपर्यंत एकही खांब रोवू नका." देवरे सरांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. त्यांनी मॅडमना बाहेर बोलावून काय सांगितलं ते मला दाराआडून ऐकू आलं, कारण ते ओरडतच होते. संस्थेची बदनामी, काम हातचं गेलं, तुम्हाला कोणी विचारलं होतं का. संध्याकाळपर्यंत मॅडमची नोकरी गेली. संतापाने मी घरी जाऊन नवऱ्याशी भांडले, त्याचा काही संबंध नसताना.

पण नकाशा रद्द झाला. एवढं बोलल्यावर त्यावर सही करायची कोणाची छाती होणार? बाकीच्या पाड्यांचा सर्व्हे पुढे श्रावणात झाला, छत्र्या घेऊन, आणि तसाच आता होतो.

मॅडम मात्र नोकरी नसताना त्या पाड्यावर जात राहिल्या. सोंडेला वळसा घालून पलीकडच्या शाळेच्या छपरावरून लिंक नेता येते का, हे त्यांनी भर पावसात पायी फिरून शोधलं. ऊन नाही म्हणून आरसा कामाचा नाही, तर पिवळी ताडपत्री फडकवायची आणि ती दिसते का बघायचं. झाडं तोडून टाका, असं कोणीतरी सुचवलं तेव्हा त्या कडाडल्या, "चूक मी केली आणि मरायचं झाडाने?" रविवारी मी आणि आमच्या बॅचचे दोघंतिघं मदतीला जायचो. ऑगस्ट संपता संपता केंद्रातला पडदा पुन्हा उजळला. तो अजून चालू आहे.

नंतर त्यांनी नाशिकच्याच द्वारका चौकामागे दोन खोल्या घेऊन स्वतःचा वर्ग काढला. मला दुसरीकडे काम मिळालं, भेटी कमी झाल्या. दोन-तीन वर्षांनी आषाढात आमच्या कंपनीचं सामान घेऊन मी त्याच भागात गेले होते. केंद्रात कमल सिस्टरना भेटले. त्या म्हणाल्या, "तुमच्या मॅडम आल्यात की. हिरामणच्या पडवीत."

मी गेले. पडवीत नवी बॅच बसली होती, पंधरा-वीस मुलंमुली, पायाला चिखल. हिरामण खाटेवर, त्याचा जयपूर फूट बाजूला काढून ठेवलेला. मॅडम उभ्या. केस निम्मे पांढरे झाले होते.

"हे हिरामणभाऊ," त्या वर्गात बोलायच्या त्याच आवाजात सांगत होत्या. "यांचा पाय माझ्या चुकीने गेला. ती समोरची सोंड बघा. मी ती मार्चमध्ये पाहिली होती. आता तुम्ही आषाढात बघा. हा तुमचा पहिला धडा, राउटरला हात नंतर लावायचा."

मी पडवीच्या कडेला उभी राहिले. पोरं तर पार गारठली होती, एकीचे डोळे भरले होते. हिरामण शांतपणे विडी वळत होता. त्याला सवय झालेली दिसली.

सोमी आतून चहा घेऊन आली. एकेकाच्या हातात कप देत गेली. मलाही दिला. मॅडमच्या समोर आली आणि त्यांना ओलांडून पुढच्या मुलाला दिला. मला वाटलं चुकून झालं. मी माझा कप पुढे केला, तशी मॅडमनी मान हलवली.

"दर वेळी असंच," त्या हळू म्हणाल्या. "राहू दे."

"अहो पण मॅडम, निदान चहा तरी! तुम्ही तिच्यासाठी एवढं..."

"तिच्यासाठी काय केलं मी? गप पी."

मी सोमीला काहीतरी बोलणारच होते. तेवढ्यात ती रिकामी थाळी घेऊन दारात थांबली आणि त्या पोरांकडे बघून, मॅडमकडे न बघता, म्हणाली, "ही अर्धंच सांगती. चूक हिची, ते खरं हाय. पन दवाखान्यात येऊन तोंडानं सांगनारी ही एकलीच. बाकी कोनी आला नाय. ते बी लिवून घ्या."

आणि आत निघून गेली.

पोरं खरंच लिहायला लागली, काय लिहायचं ते न कळताच. मॅडम त्या दाराकडे बघत राहिल्या. मग ओढणीची गाठ सोडली, पुन्हा आवळून बांधली आणि पाठ फिरवून पावसात उतरल्या.

"चला, खांबाकडे," त्यांनी ओरडायचा प्रयत्न केला, पण आवाज निघाला नाही. पोरांना ऐकू गेलं नाही, ती बसूनच राहिली. त्या एकट्याच चढ चढत गेल्या, आणि मला दिसली ती त्यांची पाठच, चेहरा नाही.